वायपर

गेल्या पावसात बाबांनी त्यांची जुनी स्पोर्ट्स कार फाटकाला घासली. "वायपर रेंगाळतात रे, समोरचं दिसत नाही," ते म्हणाले. "वायपरला काही झालेलं नाही, डोळे गेलेत तुमचे," असं म्हणत दादाने त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि कार विकायला काढली.

आज गिऱ्हाईक येणार म्हणून तोच बाह्या सरसावून वायपरची मोटर उघडून बसला. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. त्याने ते खरवडून काढलं, नवीन भरलं आणि काचेवर बादली उपडी केली. वायपर सपासप फिरले.

"शी, काय घाण साठली होती," हात पुसत तो मला म्हणाला. "असल्या वायपरने पावसात कुणाला काय दिसणार होतं?"

आपण काय बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. मला त्याची शिसारी आली.

पायरीवर बसलेले बाबा उठले. त्यांनी हात पुढे केला. "म्हणजे डोळे शाबूत आहेत माझे. दे ती किल्ली."

दादाने किल्ली खिशात टाकली. "आता कसं जमेल, बाबा? मी गिऱ्हाइकाला शब्द दिलाय."