सुनेची गाडी

वरसे गावातल्या त्या अंगणात उभी असलेली गाडी प्रविणला पहिल्या नजरेत आवडली होती. इकबालचाचांचं बोलणं मात्र पटत नव्हतं.

"सून चालवायची. रोह्यात बाजार, नाय तर रविवारी पेणला माहेर," चाचा पुन्हा म्हणाले. "आता ती दुबईला माझ्या मुलाकडं चाललीय, म्हणून विकतोय."

शंका होती म्हणूनच तर प्रविणने गॅरेजवाल्या पुंडलिकमामांना सोबत आणलं होतं. मामांनी पुढचं चाक काढलं आणि ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं. डिस्क तापून तापून निळी पडली होती, तिला बारीक तडे गेले होते.

"पॅडपण साधे नाय, रेसवाले हायत," मामा म्हणाले. "ही गाडी ट्रॅकवर पळवलीय. बाजारात जाऊन डिस्क अशी जळत नाय."

प्रविणचा आवाज चढला. "चाचा, या वयात खोटं बोलता? खरं सांगा, कोण चालवायचं?"

"सूनच. अल्लाची शपथ." चाचांचा चेहरा पार उतरला. आजवर त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

चहा घेऊन आलेली हुमेरा दारातच थबकली होती. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, ओढणी सारखी केली आणि ती सासऱ्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अब्बा खोटं नाय बोलत, गाडी मीच चालवायची," ती मान खाली घालून म्हणाली. "रविवारी माहेरी जाते म्हणायची, ते खोटं."