चार वाजेपर्यंतची विश्वस्त

चार वाजता हेमांगी ताम्हाणेच्या डोक्यातली अकरा वर्षांची नोकरी काढून घेणार होते. कंपनी विलीन झाली की कर्मचाऱ्यांच्या कामाच्या आठवणीही नव्या मालकाच्या, असा नियमच होता. एरवी तिने हूं की चूं केलं नसतं. पण ती कर्जरोखेधारकांची विश्वस्त होती, म्हणजे त्यांनी दिलेल्या कर्जाच्या तारणावर नजर ठेवणारी, आणि तिची कंपनी आता ते कर्ज घेणाऱ्याच्याच पोटात गेली होती. त्यात सकाळीच ती त्याने तारण ठेवलेला कारखाना बघून आली होती. आत एकही यंत्र उरलं नव्हतं.

साडेतीनपासून ती खुर्चीत बसत होती, उठत होती. रोखेधारकांना नोटीस धाडायची तर नव्या मालकाची सही हवी, म्हणजे ती निघणारच नाही. शेवटी तिने सगळ्यांत जुने रोखेधारक, निवृत्त मुख्याध्यापक उस्मान देशमुख यांना फोन लावला.

"सर, कारखाना रिकामा आहे. आजच कोर्टात जा. चारनंतर मला विचारू नका, मी नाही म्हणेन."

"खोटं बोलाल?"

"नाही सर. मनापासून नाही म्हणेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला.

"बाई, कोर्टाचा माणूस कारखाना बघून आला. सील ठोकलं."

"कोणता कारखाना? आपण कोण?"



"तुमचं काम तुम्ही पुरं केलंत," देशमुखसर म्हणाले, "एवढंच कळवायचं होतं."

तिने फोन ठेवला. मग कारण नसताना संध्याकाळपर्यंत ती खुर्चीत बसत राहिली, उठत राहिली.