किल्ली फिरवल्यावर

गोदामातल्या फोर्कलिफ्टवरचे कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होते आणि त्यातली एक फोर्कलिफ्ट बाबा चालवायचे. एके दिवशी डबा खाताना ते म्हणाले, "किल्ली बंद केली की तुझा स्क्रीन लगेच डोळे मिटतो गं. दहा मिनिटं तरी जागा ठेव त्याला."

"बॅटरी उतरते, बाबा. नियम सगळ्यांना सारखा."

"बरं, साहेब," म्हणत त्यांनी माझ्या डब्यातली भाजी पळवली.

दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत माल उचलताना त्यांच्या छातीत कळ आली. गाडी थांबली की आधी किल्ली बंद, ही त्यांची तीस वर्षांची सवय. ती त्या क्षणीही सुटली नाही. तासाभराने ते सापडले.

तेव्हापासून आई त्यांच्यावरच रागावते. आजही फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "मदतीचं बटण डोळ्यांसमोर होतं, स्क्रीनवर. एक बोट लावायचं होतं. तेवढंही का नाही केलंत?"

"केलं होतं, आई," मी म्हणाले. "बंद स्क्रीनवर बटणाच्या जागी त्यांच्या बोटांचे डाग होते, एकावर एक. कुणी बघायच्या आत मी ते पुसले."