मण्यावरची फुली

दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं, दुसरं वल्लरीनं नाकाच्या शेंड्यावर धरलेलं. मधे ओवलेले तीन मणी: लाल, पिवळा, हिरवा.

"पिवळ्याकडे बघ," प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या. "दोऱ्या किती दिसतात?"

"दोन. मण्यावर एकमेकींना छेदतायत. फुलीसारख्या."

"बरोबर. दोन्ही डोळे चालतायत. पुढची."

पुढचीनंही दोन सांगितल्या. तिच्या मागचीनंही. रांग सरकत होती, आणि स्वरूपाची पाळी जवळ येत होती. मघाशी सगळ्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा तिनं गुपचूप ती दोरी नाकाला लावून बघितली होती. एकच दिसली. डोळे चोळून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. एक म्हणजे एकच, गजापर्यंत सरळ गेलेली.

पोरींचे झेल फार सुटतात म्हणून प्रशिक्षक इंद्रजित सरांनी ह्या मॅडमना मुद्दाम बारामतीला बोलावलं होतं. नजरेचे व्यायाम आधी, मैदान नंतर. आणि ज्या पोरीची नजर इथं कच्ची निघेल तिला जिल्ह्याच्या संघात धरणार नाही, हे सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. सुटलेले झेल कुणाचे, ते काही त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बॅट हातात असली की स्वरूपाला कुणी आवरू शकत नसे, पण उजव्या अंगाला उडालेला चेंडू तिच्या हातात कधी टिकला नव्हता. आपले हात कच्चे आहेत असं समजून ती रोज घराच्या भिंतीवर चेंडू आपटून झेलत बसायची. तळवे सोलून निघाले होते.

"जया," मागं न बघता ती पुटपुटली, "मला एकच दिसतीया."

"काय एक?"

"दोरी."

जयवंता म्हणाली, "तुजं नाक आडवं येत आसंल. केवढं हाय ते."

"चेष्टा नगं करू. आता माजी पाळी यील."

"मग दोन म्हन की. तुज्या डोळ्यात शिरून बघायला कोन येतंय? पाडं पाठ केलंस तसं ह्ये बी पाठ कर. दोन, मन्यावर फुली. लाल म्हनली तर लालवर, हिरवा म्हनली तर हिरव्यावर."

"आन धरलं तर?"

"न्हाय धरत." जयवंताचा आवाज खाली आला. "आन सरू, तू घरी बसलीस की मी बी बसले. एकटीला एसटीत चढू देत्याल का आमचं तात्या?"

ते खरंच होतं. लासुर्ण्याहून दोघी यायच्या, म्हणून दोघी यायच्या. एकीचं नाव कटलं की दुसरीचंही कटल्यात जमा.

"स्वरूपा. ये."

तिनं दोरी नाकाला लावली. मॅडम तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"मान सरळ. तिरकी नको. हां. पिवळ्याकडे बघ. किती?"

"दोन. मण्यावर फुली."

"लाल?"

"दोन. फुली लालवर."

"छान."

मागं जयवंता हळूच खाकरली. शाबास म्हणायची तिची ती पद्धत. आता एकच मणी राहिला होता. एवढा सांगितला की सुटलो. मग संघ, मग सामने, मग एसटीची खिडकी आणि दोघींचे डबे.

"आता हिरवा," मॅडमचा आवाज आता पाठीमागून आला. "नजर हलवायची नाही. मी सांगेपर्यंत बघत राहायचं."

ती बघत राहिली. हिरवा मणी, एक दोरी, मागं गज. मॅडमच्या बांगड्या कानाशी जराशा वाजल्या आणि थांबल्या.

"किती दिसतात?"

"दोन. फुली हिरव्यावर."

भिंतीपाशी वल्लरी आणि बाकीच्या पोरी इतका वेळ कुजबुजत होत्या, खिदळत होत्या. ते सगळं एकदम बंद झालं.

आपला आवाज बारीक आला असेल, असं तिला वाटलं.

"परत सांग," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही. फार हळू. "घाई नको. नीट बघून."

"दोन," स्वरूपा मोठ्यानं म्हणाली. "दोनच हायत मॅडम. फुली दिसती की मला."

"सरू," मागून जयवंताची हाक आली. एवढीच. पुढं ती काही शिकवेल म्हणून स्वरूपानं वाट बघितली, पण नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"दोरी डाव्या हातात घे," मॅडम म्हणाल्या. "आणि उजवा हात हळूच उजव्या डोळ्याकडे ने बघू."

स्वरूपानं हात वर नेला. तो डोळ्यापर्यंत पोचलाच नाही. मधे काहीतरी कडक लागलं. तिनं बोटांनी चाचपलं. पुठ्ठा होता. वर कपाळापर्यंत, खाली गालापर्यंत, पापण्यांना टेकेल इतका जवळ धरलेला. त्याची कड धरून तिनं तो बाजूला सारला, परत पुढं आणला, परत सारला. हिरवा मणी जिथं होता तिथंच होता. उजेडही तेवढाच.

"मॅडम," तिनं विचारलं, "ह्यो हितं कवाधरनं हाय?"