परत मोज

“आधी तळवे चोळून गरम करायचे, मगच पेशंटला हात लावायचा.” मॅडमचं बजावणं आठवून तिनं तळवे चोळले आणि काकूंच्या मनगटावर बोटं टेकवली. काकूंना आजार काहीच नव्हता. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा हात बसावा, म्हणून त्या दर आठवड्याला आपणहून येऊन कॉटवर पडत.

“बहात्तर,” घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नाडी मोजून ती म्हणाली.

“चुकलं. परत मोज.”

पुन्हा बहात्तरच. काकूंनी पुन्हा मान हलवली. शेजारच्या कॉटपाशी उभा असलेला मित्र खिदळला, “आधी पाढे पाठ कर!”

तिचे डोळे भरून आले. “काकू, खरंच तेवढीच येतेय हो. मला जमणारच नाही का हे?”

“पहिल्यांदाच जमलं होतं, बाळा,” काकू ओशाळून म्हणाल्या. “माझा लेक याच हातावर नाडी बघायला शिकला. आता परदेशात मोठा डॉक्टर आहे. गोळ्या घेतल्या का, रोज फोनवर विचारतो. पण हात हातात घेणारं कुणी उरलं नाही गं. तू बोटं उचलू नयेस, असं वाटलं.”

“परीक्षा झाली की मी तुमच्या घरी येईन.”

“सगळेच म्हणतात तसं,” काकू हसल्या.

परीक्षा संपली. मैत्रिणी सिनेमाला गेल्या. तिनं सेकंदकाट्याचं घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं आणि काकूंच्या घराची वाट धरली.