ऊठ रे बाळा

“हे गाणं आधी बंद करा,” तो माणूस म्हणाला.

इंदिरानगरच्या कॅफेत रविवारची दुपार होती. समोर एक मुलगा गिटार वाजवत होता आणि त्याच्या सुरांवर एका बाईचा जुना, टेपवरचा आवाज चालला होता. आसावरीने मान वर केली. पंचेचाळिशीचा माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. बोलत होता मराठी, पण हेल कानडी.

ते गाणं आसावरीनेच शोधलेलं होतं. ती नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. इंटरनेटच्या अडगळीतून विसरलेल्या, विचित्र गोष्टी उकरायच्या आणि आपल्या पेजवर टाकायच्या, हा तिचा नाद. कुणा परदेशी संग्राहकाने जमवलेल्या ब्लूजच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या दर्दभऱ्या गाण्यांच्या, ढिगात तिला ही बिननावाची टेप मिळाली. मागे मृदंग आणि झांज, आणि खालच्या पट्टीत गाणारी बाई: ‘ऊठ रे बाळा, रात सरली, ऊठ रे.’ प्रत्येक ओळीनंतर बाई थांबायची. त्या थांबण्याने आसावरीला झपाटलं. बसमध्ये, मीटिंगमध्ये, नळाखाली भांडी धुताना तो आवाज तिच्या पाठीशी उभा असायचा. तिने ‘अनामिक ब्लूज’ असं नाव देऊन तो पेजवर टाकला. हजारो लोकांनी ऐकला. कुणी लिहिलं, काय दर्द आहे. आज तर त्यावर गिटार चढली होती आणि लोक मान डोलावत होते.

“ही माझी आई,” तो माणूस म्हणाला. “भागुबाई. माझं नाव रघुजी. बोम्मसंद्र्याला राहतो. मुलीच्या मोबाइलवर हे लागलं आणि आईच्या कानावर पडलं. मी लगेच मोबाइल काढून घेतला. तेव्हापासून ती जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून बसते. पेजवर तुमचा फोटो आणि इथला पत्ता दिसला, म्हणून आलो. ते नेटवरून काढून टाका, अक्का. हात जोडतो.”

आसावरीने गिटारवाल्या मुलाला हात करून गाणं थांबवलं.

“काढते,” ती म्हणाली. “पण आधी त्यांची माफी मागू द्या.”

रघुजीने जरा विचार केला. “सरी, ठीक आहे. चला.”

बसमध्ये तो बोलत राहिला. त्याचे वडील आप्पाजी कातडी बाहुल्यांचा खेळ करायचे. गावोगाव पडदा लावून रामायण दाखवायचे. आई पडद्यामागे बसून गायची. एका गावात पाऊस पडावा म्हणून देवापुढे खेळ मांडला होता. असा खेळ मध्येच मोडता येत नाही. त्या दिवशी कुणी गोरा माणूस टेपचं यंत्र घेऊन आला होता. आणि रघुजीचा थोरला भाऊ तापाने फणफणलेला, पडद्यामागे आईच्या मांडीशी निजवलेला.

“लक्ष्मण बेशुद्ध पडतो आणि राम त्याला उठवतो, तिथलं हे गाणं,” रघुजी म्हणाला. “खरे शब्द ‘ऊठ रे भावा’ असे आहेत. आई त्या दिवशी ‘बाळा’ म्हणाली. गाणं संपलं तेव्हा दादा गार पडला होता. मी तर नंतर झालो. पण मला कळायला लागल्यापासून आई कधी गायली नाही.”

आसावरी खिडकीबाहेर पाहत राहिली. ते गाणं नुसतं ब्लूज म्हणून तिने किती लोकांना ऐकवलं होतं.

घर एका खोलीचं. खिडकीत पडद्याऐवजी आप्पाजींच्या जुन्या, पातळ रंगीत कातड्याच्या बाहुल्या टांगलेल्या. ऊन त्यांच्यातून गाळून येत होतं आणि फरशीवर तांबडा, हिरवा उजेड पडला होता. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी ताट झाकलेलं.

“आजी,” आसावरी तिच्यामागे खाली बसली. “माझं चुकलं. न विचारता तुमचं गाणं लोकांना दिलं. मी ते काढून टाकतेय.”

भागुबाई हळूहळू वळली. “तुझ्याजवळ आहे ते?”

“आहे.”

“लाव की.”

“आई, नको,” रघुजी म्हणाला.

“तू गप.”

आसावरीने गाणं लावलं. ‘ऊठ रे बाळा, रात सरली, ऊठ रे.’ आवाज थांबला. म्हातारीने एकदम बोट वर केलं, कान फोनला लावला आणि डोळे मिटले. आसावरीही वाकली. शेकडो वेळा ऐकलेल्या त्या थांब्यात आज तिला प्रथमच काहीतरी ऐकू आलं. मृदंगाच्या खाली, अगदी पुसट, लहान मुलाचा बारीक आवाज. “ओ.”

पुढची ओळ. पुन्हा थांबा. पुन्हा तो आवाज, जरा क्षीण.

रघुजी उंबऱ्यावर बसला. भावाचा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता.

ओळीमागून ओळ गेली. शेवटची ओळ बाई फार सावकाश गायली. मग झांज थांबली, मृदंग थांबला. तिघंही श्वास रोखून वाट पाहत राहिले. टेपवर नुसती खरखर होती.

आसावरीने फोन बंद करायला हात नेला. भागुबाईने तिचं मनगट धरलं.

“परत लाव,” ती म्हणाली. “पण शेवटची ओळ यायच्या आत थांबव, पोरी. तोवर तो ओ देतोय.”