मागे घेतलेला निबंध

माणदेशातल्या माळावर दोन यंत्रं रांगेने गिरिपुष्पाची रोपं लावत चालली होती. त्यांना माणसं आज्ञा देत नसत. शोधनिबंध छापून आला, की यंत्रं तो वाचत आणि त्याबरहुकूम कामाला लागत. जितकी झाडं, तितका संशोधकाचा मान. डॉ. मृदुला पाटसकरांच्या एकाच निबंधाने आठ जिल्ह्यांत जंगल उभं केलं होतं. वनशास्त्रात त्यांच्याएवढं नाव कुणाचंच नव्हतं.

पण पुढच्या काही वर्षांच्या अभ्यासात त्यांना कळून चुकलं, की इथे जंगल कधी नव्हतंच. हा मुळात गवताचाच माळ. झाडांच्या सावलीत गवत मरत होतं, आणि गवतात घरटी करणारे चंडोल केव्हाच निघून गेले होते.

"निबंध मागे घ्यावा म्हणते," त्या रेवतीला म्हणाल्या.

रेवती त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिचा चेहराच उतरला. "बाई, माझी पीएचडी त्याच निबंधावर उभी आहे. तो गेला की तीही रद्द. मग नोकरी कसली राहतेय?"

"म्हणूनच तुला इथे बोलावलं. तू नको म्हणालीस, तर..." बाई म्हणाल्या.

रेवतीने मागच्या रांगेतल्या झाडाखालचं मेलेलं गवत चिमटीत उचललं.

"नको म्हणावंसं फार वाटतंय," ती म्हणाली. "पण घ्या मागे."

बाईंनी फोनवर अंगठा टेकवला. दोन्ही यंत्रं जागच्या जागी थांबली. रेवती खाली बसली आणि यंत्राने नुकतंच लावलेलं रोप तिने मुळासकट उपटलं. बाई पुढच्या रोपाकडे वळल्या.